दारावरचे तीन सलाम

प्रिय अब्बा,

तुम्हाला आणि अम्मीला मनापासून सलाम. माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. फक्त कान दुखतात, कारण दिवसभर हेडफोन लावून बसावं लागतं.

कामाचं तुम्ही विचारलं होतं. लोकांच्या घरातल्या फोनांनी, यंत्रांनी टिपलेलं बोलणं आम्ही ऐकतो आणि शब्द न् शब्द टाइप करतो. त्यावरून एआय माणसाचं बोलणं शिकतं. माझं शुद्धलेखन चांगलं, म्हणून साहेब खूश असतात.

काल एक बाई नवऱ्याशी भांडून एकटीच रडत होती. कोणी ऐकतंय, हे तिच्या गावीही नव्हतं. चार ओळी टाइप केल्या आणि माझे हात थांबले. तुम्ही शिकवलंय, दारावर तीनदा सलाम करायचा, आतून उत्तर आलं नाही तर मागे फिरायचं. मी तर एकदाही न विचारता तिच्या खोलीत बसलो होतो.

साहेबांना म्हटलं, मला दुकानांतलं बोलणं द्या, घरांतलं नको. ते हसले. "अहो मौलाना, त्यात नावगाव कुठे असतं?"

"रडणं तर तिचंच असतं ना, साहेब?"

सोमवारी सांगतो म्हणाले. कामावर ठेवतात की नाही, तेही तेव्हाच कळेल. तुम्ही काळजी करू नका. फार थकलोय, पण चुकलो असं वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

अम्मीचा गुडघा कसा आहे? माझ्या आठवणीने ती अजून रडते का? रडू लागली, तर आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

तुमचा धाकटा