केसपेपरच्या खिडकीवर न विचारलेला प्रश्न

सर,

आपल्याला जाऊन इतकी वर्षे झाली की हे पत्र कोठे पाठवावे, हा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही आपल्याशीच बोलणे भाग आहे. ज्या नियमाने मी आयुष्यभर वागलो तो आपण घालून दिलेला होता, आणि परवा गुरुवारी एका सभागृहात तो चूक असल्याचे मला सांगण्यात आले.

उमापूरच्या शाळेतला तो दिवस. माझ्या बाकावरचा मुलगा आईचे दिवस उरकून पहिल्यांदाच वर्गात आला आहे. मी सगळ्यांदेखत विचारतो, "तुझी आई कशानं गेली रे?" तो रडू लागतो. आपण मला उभे करता. "दुःखाची चौकशी करायची नसते. स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, नाहीतर गप्प बसायचं." मधल्या सुट्टीत आपण त्याला अंगणातल्या कडुलिंबाखाली घेऊन गेलात आणि घंटा होईपर्यंत तेथेच बसलात. परतल्यावर आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिलीत. त्या भाकरीमुळे तो नियम मला शिक्षा न वाटता संस्कार वाटला.

पुढे मी तालुक्याच्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर लागलो. नाव, गाव, वय, काय होतंय. रांगेतले लोक कान देऊन उभे असतात, म्हणून बायका मनातल्या कशालाही 'कणकण' म्हणतात आणि मीही कणकण लिहितो. गेल्या वर्षी एके सकाळी त्या रांगेत माझी पत्नी उभी होती. पाळी आल्यावर तिने स्वतःचे नाव सांगितले, गाव सांगितले, जणू मी कोणी परका आहे. मीही सवयीने विचारले, "काय होतंय?"

"झोप न्हाई. कशातच जीव लागंना."

मागे कोणीतरी हसले. मी 'अशक्तपणा' असे लिहिले आणि हलक्या आवाजात म्हणालो, "घरी बोलू." घरी मी बोललो नाही. ती स्वतःहून सांगेल तेव्हा ऐकायचे, अशी वाट पाहत राहिलो. ती सांगून मोकळी झाली होती, तेही रांगेत उभी राहून, हे माझ्या लक्षात आले तेव्हा तिने आपला जीव दिलेला होता. लोकांना मी हृदयविकार सांगितला. आपल्याकडे त्यापुढे कोणी विचारत नाही.

म्हणून आत्महत्या टाळण्याच्या प्रशिक्षणाच्या यादीत माझे नाव दिसताच मला संशय आला. रुग्णालयाच्या साहेबांना काही कळले आहे काय? सभागृहात फलक होता, समोसे होते, फोटो काढणारा होता. गावोगावच्या आशाताई होत्या, एस.टी.चे कंडक्टर होते, बसस्थानकाजवळचे दोन-तीन दुकानदार स्वयंसेवक म्हणून आले होते. शिकवणारी बाई मला मुलगी शोभेल अशा वयाची. ती म्हणाली, "सरळ विचारा. जीव द्यायचा विचार मनात येतो का, असंच स्पष्ट विचारा."

मी उभा राहिलो. "अशा विचारण्याने नसलेला विचार मनात भरवला जाणार नाही काय?"

"नाही, सर. विचारल्यानं तो विचार येत नाही. आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. मग ऐकायचं, एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरांपर्यंत सोबत जायचं."

इतके तयार उत्तर पाठांतरातूनच येते, असे मला वाटले. ते चेहऱ्यावर दिसले असावे, कारण मागून एक आशाताई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमाला समोशातबी काळंबेरं दिसतं का?" सगळे हसले.

नंतर जोड्या लावल्या. माझ्यासमोर पंक्चरच्या दुकानातले चाचा आले. पांढरी दाढी, नखांत काळे वंगण. हातातल्या पत्रकावरून त्यांनी विचारायचे आणि मी उत्तर द्यायचे, असा सराव होता.

"साहेब, घरी कोण हाय?"

"कोणी नाही."

"मग जेवता काय?"

"हा प्रश्न पत्रकात नाही."

"पत्रकातलाबी इचारतो की. जीव द्यायचं येतं का हो मनात?"

"नाही."

त्यांनी पत्रक खाली ठेवले. "लई लवकर न्हाई म्हणलात. गिऱ्हाईकबी असंच म्हणतं, चाचा, ट्यूब चांगली हाय. मी पाण्यात बुडवल्याबिगर मानत न्हाई."

मी संतापलो. यांना कोणीतरी पढवून माझ्यासमोर बसवले आहे, अशी खात्रीच झाली. मी थेट शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी हजेरीचा कागद पुढे केला. जोड्या सह्यांच्या क्रमाने लावल्या होत्या. माझ्या सहीखाली चाचांची सही होती, इतकेच.

सर, आपण चुकलात असे लिहिण्यास हात अजून धजत नाही. पण दोन दिवस मला तो लिंब आठवतो आहे. त्याच्याखाली आपण त्या मुलाला काय विचारलेत, हे मला बाकावरून ऐकू आले नव्हते. आपण काहीतरी विचारले असणार. मी मात्र वर्गात ऐकलेले तेवढेच घेऊन घरी गेलो आणि संसारही त्यावरच केला. कालपासून खिडकीशेजारचे दार मी उघडे ठेवतो. ज्याला रांगेत बोलणे जमत नाही त्याला आत घेतो आणि विचारतो. अजून जीभ अडखळते.

हे पत्र टपालात पडणार नाही. जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यात राहील. एक गोष्ट मात्र कबूल करतो. चाचांना मी जे उत्तर दिले, ते खरे नव्हते. उद्या रविवारीही त्यांचे दुकान उघडे असते. माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांत हवा आहे, तरीही ती घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.