गुडघ्याला लावलेला करंट

आबा, गेले तीन आठवडे माझ्या गुडघ्याला रोज करंट लावतात. घरातल्या लाइनीचा नाही, मोबाइलएवढी एक डबी असते, ती सेलवर चालते. डबीतून दोन वायरी निघतात, त्यांच्या टोकांना चिकटपट्टीसारखे चार पॅड, ते जखमेपासून लांब, गुडघ्याच्या वर आणि खाली चिकटवायचे. विजेच्या खांबावर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटायचं नाही, ठाऊक आहे मला. लहानपणी मी ओल्या हातानं रेडिओचं बटन दाबलं, तेव्हा तुम्ही पाठीत असा धपाटा घातला होता की मी भिंतीवर आपटले. मग तुम्हीच भिऊन खाली बसलात आणि म्हणालात, "करंट कुणाचा पावणा न्हाय, ध्यानात ठेव." साठी ओलांडली तरी ध्यानात आहे. म्हणून पहिल्या दिवशी डबी बघितल्यावर मी पाय आखडून घेतला होता, म्हणजे घ्यायला गेले होते. तो आखडतच नव्हता.

उजवा सांधा पार झिजला होता, तो बदलला. ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात. पण नवा सांधा वाकवून वाकवूनच मोकळा करावा लागतो, आणि तो वाकवायला गारगोटी गावची एक पोरगी रोज सकाळी अकराला येते. फिजिओ आहे, माझ्या नातीच्या वयाची. डबी चालू करताना तिनं सांगितलं, मुंग्या आल्यागत वाटलं पाहिजे, चटका बसला तर लगेच बोलायचं. मी तिला विचारलं, यानं दुखणं जातं का? खोटं बोलली नाही. "जात न्हाय काकू. थोडा वेळ मागं सरतंय. कुणाचं जास्त, कुणाचं कमी. तेवढ्यात आपण वाकवून घ्यायचं." पहिले काही दिवस खरंच मागं सरलं. मुंग्या मांडीपर्यंत चढायच्या, त्यांच्या गडबडीत दुखणं जरा बाजूला व्हायचं, आणि मी पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडायची. डबी काढली की तासाभरात सगळं जागेवर.

तुम्हाला असं काहीच मिळालं नाही. गडमुडशिंगीच्या शिवारात शिडी सरकली आणि तुम्ही पडलात, तेव्हा मी नववीत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, तर आत गुडघा धरलेला. रोज कुणीतरी वाकवा, नाहीतर कायमचा ताठ राहील, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. आई सकाळी सातला खानावळीत भाकरी थापायला जायची, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मंगळवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, स्वयंपाकघरात सतरंजी, सतरंजीवर तुम्ही. मी टाच धरते, दुसरा हात गुडघ्याखाली घालते आणि ढकलते. तुम्ही टॉवेलचं टोक दातात धरलेलं. आधीच बजावून ठेवलेलं, "मी वरडलो तरी थांबायचं न्हाय. तू वाकीव." चार-पाच दिवस मी वाकवला. तुम्ही ओरडलात, शिव्या दिल्यात, मी थांबले नाही. मग एका सकाळी तुम्ही ओरडला नाहीत, रडायला लागलात. टॉवेल तोंडातून पडला आणि तुम्ही स्वतःच्या मेलेल्या आईला हाका मारायला लागलात. मी टाच सोडून दिली.

त्यानंतर मी नुसतं तेल चोळायची. आई घरी येऊन विचारायची, किती वाकला आज, आणि मी हातानं खोटं माप दाखवायची. तुम्ही भिंतीकडं बघत राहायचा. एकदाही म्हणाला नाहीत की ही खोटं सांगतेय. दोन महिन्यांनी परत डॉक्टरांकडं गेलो, तर ते म्हणाले, आता उशीर झाला. खांब सुटला. तुम्हाला गोदामात स्टुलावर बसवलं, बल्ब आणि फ्यूजची तार द्यायला. तुमचा ताठ पाय वाटेतच यायचा. येणारे-जाणारे अडखळायचे आणि माफी तुम्ही मागायचा. मी डबा घेऊन यायची तेव्हा हे बघायची, डबा ठेवून तशीच मागं फिरायची.

तेव्हा असलं मशीन असतं तर आबांचा पाय वाचला असता, असं मी ऑपरेशनआधी सगळ्यांना सांगत होते. आता तसं छातीठोक सांगवत नाही. या आठवड्यात मुंग्या येतात, पण त्यांच्या खाली दुखणं जागच्या जागी. काल पोरीनं पाय हातात घेतला, मी पलंगाची पट्टी धरली, आणि माझ्या तोंडून तुमच्यासारखाच आवाज निघाला. तिनं विचारलं, "थांबू का काकू?" मी म्हणाले, "थांब." सलग तिसऱ्या दिवशी. तिनं वहीत काहीतरी लिहिलं, उद्या बघू म्हणाली आणि गेली. गुडघा अजून काटकोनातसुद्धा येत नाही. वेळ निघून चाललाय हे तिलाही कळतं, मलाही कळतं. उद्या ती आली की मी परत थांब म्हणेन, हेही कळतं.

हा कागद घडी करून मी गादीखाली सारणार आहे. तुम्ही नंतर इतकी वर्षं होता, तेव्हा बोलले नाही, आता कुणाला वाचून दाखवू? पोरांना मी नेहमी सांगितलं की आबांची दया आली म्हणून माझा हात चालला नाही. तसं नव्हतं आबा. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात माझ्या वर्गातली मुलगी राहायची, तिला तुमचं रडणं ऐकू जात होतं. मला तुमची लाज वाटली.