सिमेंटवरचं सारवण

बाई,

परवा नातसून फरशी पुसत होती. "आजी, पाय वर घ्या," म्हणाली, आणि मी पाय वर घेऊन एकटीच हसत बसले. तिला वाटलं, म्हातारी गेली कामातून. आता तिला काय सांगू, की अशाच एका फरशीपायी मी चौथीच्या अख्ख्या वर्गाची वरात काढली होती! तुम्हाला सांगायला नको, त्या वरातीच्या पुढे तुम्हीच होतात. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. पण तुमच्याशी एक बोलायचं राहिलंय, आणि तुमच्या तेव्हाच्या वयाच्या तिपटीने मी आता मोठी आहे, तेव्हा भ्यायचं काही कारण नाही.

आपली विठ्ठलवाडीची शाळा म्हणजे दोन खोल्या, वर कौलं आणि खाली मातीची जमीन. शनिवारी सकाळची शाळा, आणि पहिला तास सारवणाचा. ज्याच्या घरी गुरं त्याने शेण आणायचं, ज्याच्या घरी नाहीत त्याने विहिरीचं पाणी. तुम्ही बदलापुराहून गाडीने यायचात, पांढरं स्वच्छ पातळ नेसून, आणि आल्या आल्या पदर खोचून सगळ्यांच्या आधी शेणात हात घालायचात. पोरांनीसुद्धा सारवायचं. एकाचा बाप तणतणत आला होता, "पोरग्याला बायकांची कामं कशाला लावता?" तुम्ही मान वर न करता विचारलंत, "तो बसतो याच जमिनीवर ना?" बाप आल्या पावली परत गेला. आम्हाला त्या तासाचा कोण अभिमान! परीक्षेत नापास झालो तरी चालेल, पण आपला चौकोन गुळगुळीत झाला पाहिजे.

त्यात ती आली. फाळणीनंतर गावाशेजारी वसलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीतली सिंधी मुलगी, गोरीपान, लांब वेणी, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तिचे वडील तुम्हाला म्हणाले होते, "अब इधरच रहना है, तो बच्ची इधर की बोली पढेगी." पहिल्या शनिवारी तिने शेण बघितलं आणि नाक धरून थेट अंगणात पळाली. आम्ही फिदीफिदी हसलो. तुम्ही मात्र तिला म्हणालात, "बघत बस. वाटेल तेव्हा ये." तिसऱ्या शनिवारी ती आपणहून आली, डोळे मिटून हात घातला, आणि मग माझ्याच शेजारी बसून सारवायला लागली. तेव्हापासून ती माझी मैत्रीण. माझ्या डब्यातली भाकरी ती खायची, तिच्या डब्यातला पापड मी. मोडकंतोडकं बोलता बोलता तिने सांगितलं की त्यांच्या घराला भिंती नाहीत, एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा घरं राहतात. मी विचारलं, "मग सारवता कधी?" ती म्हणाली, "नही सारवते."

दिवाळी तोंडावर, आणि जमीन सारवलेली नाही! आई गोठ्यात होती, तिला म्हटलं, "आई, घमेलंभर शेण नेऊ?" आई म्हणाली, "ने गो, आपल्याकडं त्याला काय तोटा नाय!" कुठे नेतेस ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रविवारी सकाळी वर्गातल्या आम्ही चौघीजणी घमेली डोक्यावर घेऊन कॅम्पात. माझी मैत्रीण आईबरोबर रेशनच्या रांगेत गेलेली. पडदा सारून आत शिरलो. शेजारपाजारची माणसं टकमका बघत होती, पण कोणी हटकलं नाही. त्या दिवसांत कॅम्पात रोज कोणी ना कोणी येऊन काहीतरी फवारून जायचं, त्यांना वाटलं असेल ही पण सरकारचीच माणसं! जमीन सिमेंटची होती, लष्कराने बांधलेली, आरशासारखी घासलेली. मला काय कळतंय? मला वाटलं, बिचाऱ्यांची जमीन किती उघडी पडलीय. जाड हात दिला आम्ही, कोपरा न् कोपरा. वर तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढली आणि नाचत नाचत घरी आलो.

सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तुम्ही विचारलंत, "ती आजारी आहे का गं?" तिच्या घरावरून आलेल्या एका मुलाने उभं राहून सांगून टाकलं, की तिच्या आईने तिला शाळेतून काढलंय. गावातल्या लोकांनी आमच्या घरात शेण टाकलं, आम्हाला हाकलायचं आहे त्यांना, असं ती सगळ्या बराकीला रडून सांगतेय. बाई, तो क्षण मला अजून आठवतो. डोक्यात एकच, ती आता येणार नाही. चौघींनी रडत रडत सगळं कबूल केलं. तुम्ही फळ्याकडे तोंड केलंत आणि तुमचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, बाईंना रडवलं. हसत होतात हे मला मोठेपणी कळलं.

मग वळलात तेव्हा चेहरा मात्र कडक. "काम चांगलं. पण विचारलंत कुणाला? ज्याचं घर त्याला विचारायचं असतं. उपकार करायला गेलं तरी दार वाजवावं लागतं." मी मुसमुसत म्हटलं, "बाई, त्यांना दारच नाही. पडदा आहे." "मग पडद्याबाहेरून हाक मारायची!" आणि मग तो प्रश्न. "हे निघालं कुणाच्या डोक्यातून?" मी उठणार, एवढ्यात मागच्या ओळीतला एकजण म्हणाला, "सगळ्यांच्या." शेजारचा म्हणाला, "हो बाई, आमच्या सगळ्यांच्या." जे रविवारी आपापल्या आईबरोबर शेतात होते तेसुद्धा "सगळ्यांच्या, सगळ्यांच्या" करायला लागले. तुम्ही तीसच्या तीस तोंडं बघून घेतलीत. "बरं. सगळ्यांनी केलं ना? मग सगळे चला धुवायला. कॅम्पातला नळ तासभरच येतो, त्यांचं पाणी घ्यायचं नाही. तांबे, कळशा, असेल ते घ्या."

काय ती वरात! विहिरीपासून कॅम्पापर्यंत एका रांगेत तीस पोरं, डोक्यावर पाणी, पुढे तुम्ही. निम्मं पाणी आमच्याच अंगावर. पडद्याबाहेर तुम्ही हाक मारलीत. तिची आई बाहेर आली, हाताला घासायचा काथ्या, डोळे सुजलेले. "तीन दिन से घिस रही हूँ, मास्तरनी! पापड कहाँ सुखाऊँ? अपना मुलुक छूटा, अब इधर भी गोबर फेंकते हो? हम ढोर हैं क्या?" तुम्ही हात जोडलेत. "गुन्हा मेरा है. मैंने ही इनको शिकवलेला है." तुमचं हिंदी म्हणजे आनंदच होता, पण त्या वेळी कोणी हसलं नाही. "हमारे में घर को शेण लावते हैं, वो मान होता है. दिवाली में लक्ष्मी आती है ना, उसके लिए. इन लोगों ने अपना घर समझके किया." माझी मैत्रीण आईच्या पाठीमागून डोकावत होती, तिने आईला सिंधीत भराभर काहीतरी सांगितलं. आईने पडदा बाजूला केला. सगळी जमीन घासून काढली होती, पण मधला तुकडा तिने तसाच ठेवला होता. त्यावर पिठाची पावलं.

"ये पैर किसके हैं?" तिने विचारलं. मी कशीबशी म्हटलं, "लक्ष्मीचे." ती पावलांशी खाली बसली. मग म्हणाली, "हमारे भी आती है लक्ष्मी. इसलिए मिटाया नहीं, पैर तो पैर हैं. पर छोरी, बेचारी को गोबर में काहे को चलाया?" आणि जी हसत सुटली! तुम्ही हसलात, बराक हसली, आम्ही आधी रडलो आणि मग हसलो. आणलेल्या पाण्याने सगळ्यांनी मिळून उरलेली जमीन धुतली, पावलं तेवढी सोडून. जाताना प्रत्येकाच्या हातावर भाजलेला पापड. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी ती वर्गात माझ्या शेजारी येऊन बसली, जणू काही झालंच नव्हतं.

आजही तिचा फोन येतो. नातवंडांची मराठी माझ्या नातवंडांपेक्षा बरी आहे म्हणून मिरवते मेली!

आता राहिलेलं सांगते. डोकं माझंच होतं, हे तुम्ही ओळखलंच असणार. पण का, ते तुम्हाला माहीत नव्हतं. त्याआधीच्या शनिवारी तिचा चौकोन बघून तुम्ही म्हणाला होतात, "शाब्बास! हात बघा कसा फिरलाय." सारवण मी सहाव्या वर्षापासून करत होते, बाई, आणि मला तुम्ही एकदाही तसं म्हणाला नव्हतात. मला तिची दया नव्हती आली. अख्खं घर सारवून आले की बाईंच्या कानावर जाईल, मग मलाही शाब्बास म्हणतील, एवढाच हिशेब होता. मी तिच्या आईला तीन दिवस रडवलं ते त्यासाठी. आणि ज्यांनी माझ्यासाठी तोंडं एक केली, त्या एकोणतीसजणांना वाटत राहिलं की ही पोरगी मनाने फार चांगली.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून कपाटात ठेवते. पण बाई, एवढं लिहिल्यावरही वाटतंच, की एकदा म्हणायला हवं होतंत.