दादाच्या मापाचं दार

प्रिय आई,

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आजारी-बिजारी नाहीये मी, लगेच कपाळाला हात लावू नकोस. घराला अजून दार नाही, म्हणून झोप नाही. भिंती झाल्या, वर पत्रे पडले, खिडकीला जाळी आली, फक्त दाराच्या जागी ताडपत्री आहे. छोटीचे बाबा गोदामात रात्रपाळीला जातात. मग मी ताडपत्रीच्या कडेवर पिठाचा डबा ठेवते आणि डब्याला पाठ लावून बसते. वाऱ्याने फडफडलं की वाटतं कुणी आलं. एकदा खरंच कुणीतरी डोकं आत घातलं. शेळी होती. मी किंचाळले, तीही किंचाळली. फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही आणि आपण दोघी नुसत्या हॅलो हॅलो करत बसतो. म्हणून लिहिते. जो कोणी वाचून दाखवतोय त्याने अक्षर सांभाळून घ्यावं, माझी शाळा किती झाली ते तुला माहीतच आहे.

पण आई, हे आपलं घर आहे. परत सांगते, आपलं. तिकडे शहरात नुसत्या एका खोलीला जेवढं डिपॉझिट मागायचे, तेवढ्यात इकडे जमीन आली. अर्धा देश ओलांडून आलो. भाषा बदलली, पाण्याची चवसुद्धा बदलली, पण जमिनीच्या कागदावर माझंही नाव आहे. सही करताना अक्षरं एवढी मोठी काढली की शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलं. साहेबाने मानेनेच चालेल म्हटलं. मी म्हटलं, चालेल कसं, मग जमीनही तेवढी बाहेर वाढवून द्या. त्याला काही कळलं नाही, हे मात्र तोंडावर रुमाल धरून हसत होते.

भिंती वाळल्या त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं सांगू? खिळा ठोकला. टांगायला काहीच नव्हतं, तरी ठोकला. भाड्याच्या खोलीत ती मालकीणबाई खिळ्याचं नाव काढू द्यायची नाही. छोटी जरा पळाली की खालून काठीने ठकठक. पोरगी चालायला शिकली ती चोरपावलांनीच. इथे ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धाडधाड पळते, आपटते आणि वर हसते. तिला गप्प कर म्हणून माझं तोंड सवयीने उघडतं, मग मी ते मिटते. पळ म्हणावं, पाय मोडेपर्यंत पळ. शेजारी एक भाजीवाली राहते, तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. ती मला रोज काहीतरी हाक मारायची. मला वाटलं टोमणा मारते, म्हणून मी तोंड फिरवायचे. ह्यांनी गोदामात विचारलं तर त्याचा अर्थ म्हणे, नव्या घराची मालकीण. आता तिची हाक यायला उशीर झाला की मीच कुंपणापाशी जाऊन खाकरते.

तू म्हणशील, एवढं सगळं झालं मग दार कसं राहिलं? ते माझ्यामुळे राहिलं. आपला दादा तिकडे शहरात सुतार, लोकांची दारं करतो, आणि आमच्या प्रत्येक भाड्याच्या खोलीत वाकून आला. गप्पांच्या नादात विसरला की कपाळ चौकटीवर. किती टेंगळं शेकली असतील मी त्याची! म्हणून गवंड्याला म्हटलं, दार उंच पाहिजे. किती उंच? फूट-मीटर मला कुठे कळतं. पण मी हात वर केला की बोटं दादाच्या टाळूला लागतात, हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून भिंतीला टेकून हात वर करून उभी राहिले. गवंड्याला वाटलं, मी आभाळात काही दाखवते, तो बिचारा वर बघत बसला. मग त्याने बोटांशी खूण केली, मी म्हटलं अजून एक वीत, दादा बूट घालून आला तर? आता बाजारातली तयार दारं सगळी ठरावीक मापाची, ती आमच्या चौकटीत लावली तर वर वीतभर आभाळ दिसतं.

आणि दादा रुसलाय ते तुला ठाऊक आहेच. निघताना म्हणाला, तिकडे कुत्रंसुद्धा ओळखणार नाही तुम्हाला, महिन्याभरात परत याल. मीही तुझीच मुलगी. म्हटलं, घर बांधीन आणि दार लावीन तर तुझ्या हातचं, नाहीतर ताडपत्रीत राहीन. तो म्हणाला, राहा मग. राहतेय. तेव्हापासून माझा फोन घेत नाही. वहिनी उचलते आणि म्हणते, ते घरी नाहीत, आणि तिच्या मागे रंध्याचा आवाज चाललेला असतो, सरसर सरसर. मी पण म्हणते, बरं.

तू गुडघ्याला तेल लावत जा. घर बघायला यायचंय तुला.

तुझीच,
स्वतःच्या घरातून लिहिणारी लेक

इथून पुढचं आईला मोठ्याने वाचू नका. तुम्ही शिंप्याची मुलगी असा नाहीतर किराणावाले काका असा, तुमच्या पाया पडते. सगळं पत्र मी या चार ओळींसाठी लिहिलंय. परवा दुपारी मी मागच्या बाजूला कपडे धूत होते आणि छोटी ताडपत्रीखालून सरकून बाहेर गेली. पार मोठ्या रस्त्यापर्यंत. तिथे ट्रक जातात. भाजीवालीने तिला उचलून आणलं आणि तिच्या भाषेत मला खूप बोलली. एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. तेव्हापासून माझ्या ओढणीचं एक टोक छोटीच्या पायाला आणि एक माझ्या मनगटाला, डोळा मिटायची हिंमत होत नाही. हे म्हणतात, हट्ट पुरे झाला. महिनाअखेर गवंडी येऊन वर विटांचे दोन थर घालणार आणि तयार दार बसवणार. ह्यांचं काही चुकत नाही. पण त्याच्या आत दादाला एक फोन करा, नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. मी घाबरलेय हे सांगू नका, आणि छोटीचं तर अजिबात नको, नाहीतर परत चला म्हणून हटून बसेल. एवढंच सांगा, बहिणीचं घर उभं राहिलं, त्यात ताठ मानेने शिरायचं असेल तर महिनाअखेरच्या आत रंधा घेऊन ये. माझा नंबर बघून तो उचलत नाही, तुमचा उचलेल. अनोळखी नंबर दिसला की त्याला गिऱ्हाईक वाटतं.