नानांचं शेवटचं रक्तदान

५ मार्च

नानांना आज मी खुर्चीवरून उठवलं. बाही दुमडलेली, मुठीत चेंडू – आणि मी उठवलं. स्वतःच्या सासऱ्यांना! सगळ्यांदेखत!

पुढच्या महिन्यात नाना पासष्ट पूर्ण करतात. मग वयाची अट आडवी येणार, म्हणून हे शेवटचं रक्तदान. आमच्या रक्तपेढीत सकाळपासून लगबग. चहा-बिस्किटं देणाऱ्या मावशींनी पदरमोड करून फुलं आणली होती. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचा तो झिजलेला टेनिसचा चेंडू घेऊन आले. आमचा रबरी चेंडू त्यांना चालत नाही. "तुमच्या चेंडूत जीव नाही," म्हणतात. टेबलाशी न थांबता थेट खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. हक्काची खुर्ची!

प्रश्न विचारायचं काम माझं. मावशी म्हणाल्या, "घरच्या माणसाला काय विचारायचं? टाका भरून." मी कसली टाकते! सगळ्यांना विचारते तसंच विचारलं. ताप आला होता? नाही. दात काढला? "काढायला उरलेत कुठे?" सगळे हसले. मग तो नवा प्रश्न, याच महिन्यात आलेला – ज्या परदेशात गुरांना मेंदूचा रोग लागला होता, तिथे त्या वर्षांत राहिला होतात का?

नाना म्हणाले, "नाही."

सरळ माझ्या डोळ्यांत बघून! तिथल्या बंदरावर हा माणूस तीच सगळी वर्षं वेल्डर होता. घरात भिंतीवर फोटो आहे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नाना, खोटं कशाला बोलता? तिथल्या कॅन्टीनचा खिमा खाऊन तर अंग धरलंत ना!"

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चेंडूकडे. "बरं," म्हणाले. बाही खाली केली, बटण लावलं आणि गेले.

फुलं मावशींनी पाण्यात ठेवली. माझ्याशी बोलल्या नाहीत.

६ मार्च

नवरा म्हणतो, "विचारायचं तर बाजूला नेऊन विचारायचं. तुझी जीभ म्हणजे..." पुढचं गिळलं त्याने. त्याचं बरोबर आहे, म्हणून मी जास्तच भांडले. नियम मी केला का? रक्त कुणाच्या तरी अंगात जाणार. एखाद्या बाळंतिणीच्या, एखाद्या लेकराच्या. तिथे सासरा काय नि परका काय!

हे सगळं खरंच आहे. पण "खोटं कशाला बोलता" हे कुठल्या नियमात होतं?

८ मार्च

नाना बोलत नाहीत. म्हणजे चहा मागतात, पेपर मागतात. बोलत नाहीत.

११ मार्च

आज रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. रोगी गुराचं मांस खाल्लेल्यांपैकी फार थोड्यांना होतो तो आजार. पण झाला की मेंदूला धरतो. वर्षानुवर्षं दडून बसतो, मग कधीतरी माणूस विसरायला लागतो, तोल जातो, आणि औषध नाही. रक्तातून दुसऱ्याला जाऊ शकतो, तपासायची सोपी सोय नाही, म्हणून सरसकट बंदी. "तुझ्या सासऱ्यांना काही होणार नाही गं," म्हणाल्या. "आजवर काही झालंय का? मग!"

जीव भांड्यात पडला. घरी येऊन नानांना सांगितलं, घाबरायचं कारण नाही. नाना म्हणाले, "मी कुठे घाबरलोय?" आणि पेपर तोंडासमोर धरला.

बरं बाई.

१५ मार्च

सासूबाई असत्या तर एव्हाना मला चार शब्द सुनावून प्रकरण मिटवलं असतं. नवऱ्याच्या वेळी त्या बाळंतपणात अगदी जाता जाता राहिल्या. कुणाकुणाचं रक्त चढलं त्यांना – नावंही कळली नाहीत. तेव्हापासून नाना देत आले. "ज्यांचं घेतलं ते सापडत नाहीत, मग मिळेल त्याला देतो," एवढंच म्हणायचे. कधी मिरवलं नाही. आणि मी त्याच माणसाला लबाड ठरवून घरी पाठवलं.

पण मग खोटं का बोलले? शेवटची पिशवी द्यायचीच होती म्हणून? एवढा हट्ट? नानांनी आयुष्यात कधी दुकानदाराचा एक रुपया जास्त ठेवून घेतला नाही. मला अजून पटत नाही.

१९ मार्च

जेवताना लेक मागे लागली, "नाना, खिमेवाल्याची गोष्ट सांगा ना!"

ही गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. हल्ली नाना ती आपणहून सांगत नाहीत. हे रुसण्याच्याही आधीपासून, हिवाळ्यापासूनच म्हणा ना. मला मेलीला बरंच वाटलं होतं, कानांना विश्रांती!

नाना म्हणाले, "आज तू सांग." कार्टी उठून उभीच राहिली. वरणाचा डाव हातात घेऊन तो जाडा आचारी झाली. "घे वेल्डर, आणखी घे, हाडं झाकली पाहिजेत!" मग नाना लाजून ताट मागे ओढतात, डाव हुकतो आणि खिमा साहेबाच्या बुटावर. नाना घास हातात तसाच ठेवून ऐकत होते. बुटाशी आल्यावर असे खदखदून हसले, जसं काही पहिल्यांदाच ऐकतायत! मग विचारलं, "साहेब काय म्हणाला?"

मला ठाऊक आहे ते माझ्यासाठी होतं. बघ, ऐक, तुझ्यापायी माझी गोष्ट आता दुसऱ्याने सांगायची! टोमणे मारायची ही नवी तऱ्हा. ताट तसंच टाकून उठले.

२४ मार्च

दुपारी नाना भिंतीवरचा तो बंदरावरचा फोटो काढून मांडीवर घेऊन बसले होते. नाना आणि एक दोस्त, वेल्डिंगचे मुखवटे डोक्यावर सरकवलेले. मला बघून घाईघाईने परत टांगला. वाकडा.

सरळ करायला गेले नाही मी. कुणी आधी बोलायचं, एवढ्यावर घोडं अडलंय.

२ एप्रिल

नाना पासष्ट झाले. गोड केलं होतं. अर्धं ठेवलं.

चेंडू लेकीला देऊन टाकला. "मला आता काय करायचाय?" ती अंगणात भिंतीवर आपटत बसली – धप्प, धप्प. दिवसभर डोक्यात तेच. शेवटी ओरडले तिच्यावर. तिची काय चूक?

एवढी माणसं बघते मी रोज. हिमोग्लोबिन कमी भरलं तरी कसं हळुवार सांगते, "यावेळी राहू द्या हं, भाज्या खा, पुन्हा या." परक्यांसाठी जीभ बरोबर सरळ वळते. घरच्यांसाठीच काय होतं तिला?

४ एप्रिल

उद्या बोलणार. नवऱ्याला सांगून टाकलंय, म्हणजे मागे फिरायला नको.

५ एप्रिल

नाना अंगणात एकटेच होते. म्हटलं, नाना, चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं. चुकलं माझं. पाया पडायला वाकले तर त्यांनी मनगट धरलं. आजूबाजूला बघितलं, लेक जवळपास नाही ना म्हणून. मग अगदी हळू म्हणाले, "त्या दिवसापासून आठवून बघतोय गं. कुणाला विचारायची सोय नाही. तू नियमाची पक्की, तू खरं सांगशील. मी होतो का तिथे?"