माझा माईक बंद ठेव

सोमवार, ४ मार्च

आईने आज दुकानात फोन केला. ती दुकानात कधी फोन करत नाही. म्हणाली, "मालक जवळ आहेत? मग बाहेर जाऊन बोल." बाहेर गेलो. "रविवारी माझा माईक बंद ठेव. माझ्या जागी रेकॉर्डवरचा आवाज लाव. त्या दोघींना कळता कामा नये."

रविवारी आई, उंच मावशी आणि छोटी मावशी स्टेजवर त्यांच्या रेकॉर्डमधली सगळी गाणी ओळीने म्हणणार आहेत. मी जन्मायच्या आधी तिघींनी ही एकच रेकॉर्ड काढली. ती लोकांच्या घरात अजून वाजते. मन मोडल्याची गाणी, पण ठेका असा की पाय गप्प बसत नाहीत. मावश्या सख्ख्या नाहीत. सख्ख्यांपेक्षा जास्त ओरडतात. हॉलचा साउंड आमच्या दुकानाकडे आहे, आणि मालकांनी मिक्सरवर मला बसवलंय.

"आई, ही फसवणूक नाही का?"

"हल्ली माझा आवाज ऐकलायस? त्यापेक्षा नळ बरा गातो. लोक हसले तर तुला बघवेल?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

मंगळवार, ५ मार्च

जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेतली आणि आईचा आवाज वेगळा काढायला बसलो. वाद्यं निघाली, आवाज सुटे होईनात. तेव्हा तिघी एकाच माईकभोवती उभ्या राहून गायच्या. जिची ओळ, तिने अर्धं पाऊल पुढे यायचं, बाकीच्या दोघींनी मागे सरायचं. आता एकीला बाहेर काढलं की दोघी तिचा हात धरून बाहेर येतात. वाजवायच्या तर तिघी, नाहीतर कुणीच नाही.

त्यात आणखी एक. यातला आईचा आवाज कोणता, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कधी वाटतं खालचा, कधी मधला. पोटच्या पोराला हे कळू नये? आईला विचारायची लाज वाटली.

बुधवार, ६ मार्च

उंच मावशी दुकानात आली. म्हणे वायर हवी. कसली, ते तिला सांगता येईना. मालक आत गेल्यावर मला कोपऱ्यात ओढलं. "हे बघ बाळा, तुझी आई अजून मस्त गाते. मला मात्र दम पुरत नाही. माझा माईक बंद ठेव आणि रेकॉर्ड लाव. आईपाशी बोललास तर तंगडं मोडीन."

तिलाही हो म्हणालो.

गुरुवार, ७ मार्च

छोट्या मावशीचा फोन. तेच!! "त्या दोघींचं ठीक आहे रे, त्या जन्मजात गाणाऱ्या."

शुक्रवार, ८ मार्च

आता तिघींचेही माईक बंद, आणि तिघींचीही रेकॉर्ड. प्रत्येकीला वाटणार, बाकीच्या दोघी खऱ्याच गातायत. कुणाला काही कळणार नाही. म्हणजे माझं काम सोपंच झालं. मग मला घास का उतरत नाही?

मालकांना विचारलं, "समजा एखाद्याने..." ते म्हणाले, "समजा-बिमजा नंतर. आधी केबल गुंडाळ."

शनिवार, ९ मार्च

हॉलमध्ये तालीम. घसा जपतोय म्हणत तिघी नुसत्या पुटपुटल्या. "तू सांभाळून घेशील गं." "मी कसली, तूच घेशील." कीबोर्डवाले काका मला म्हणाले, "या उद्या गाणार आहेत की गप्पा मारणार आहेत?"

मग एक वायर खरखरायला लागली, म्हणून मी तिन्ही माईक बंद केले. तसं तिघींना सांगितलंही. वायर बदलत स्टेजखाली बसलो होतो, तर वर तिघी एकमेकींकडे तोंड करून गायला लागल्या. मोकळ्या गळ्याने. रेकॉर्डपेक्षा बराच खालचा सूर, जाडसर, मध्येच खरखरीत. मी हातातलं काम थांबवलं.

नंतर काकांना विचारलं, "उद्या सगळी गाणी अशीच खालच्या सुरात वाजवाल?"

"त्यांनी सांगितलंय?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नाही.

रविवार, १० मार्च, सकाळ

तिघींना वेगवेगळं गाठून सांगितलं : तुझा माईक बंद आहे. पण नुसते ओठ हलवू नकोस, पुढच्या रांगेतल्यांना गळ्याच्या शिरा दिसतात. खरंच गा, कुणाला ऐकू जाणार नाही.

आई म्हणाली, "तू आहेस म्हणून मी उभी राहतेय बघ."

अजूनही रेकॉर्ड लावता येईल. अजूनही.

सोमवार, ११ मार्च

तिन्ही माईक चालू ठेवले. रेकॉर्ड लावलीच नाही.

पहिल्याच ओळीला छोटी मावशी घसरली. मागून कुणीतरी हसलं. माझं बोट रेकॉर्डच्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. मग आई अर्धं पाऊल पुढे आली, छोटीला आपल्या सुरात घेतलं, आणि पुढे काय झालं ते मला क्रमाने आठवत नाही. लोक ठेक्यावर टाळ्या देत होते. शेवटी सगळा हॉल उभा होता.

मी चांगलं केलं की घात केला? तिघींपैकी एकीशीही धड बोललेलो नाही. घरी आई लवकर झोपली.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी आई म्हणाली, "रेकॉर्ड जरा हळू फिरवलीस ना? आवाज जाड येत होता."

मी तिच्यासमोर चहा ठेवला.

ती म्हणाली, "मी तेव्हा एवढी चांगली गायचे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."