एका हाताने उघडणारा चाकू

१४ फेब्रुवारी
रँचच्या मालकीणबाई लॉर्ना आज स्पष्टच बोलल्या. मे महिन्यात वासरांना डागायचं काम निघेल, तेव्हा परत ये — पण घोड्यावर नाही, जमिनीवर. फास टाकणारा दोर खोगिराच्या खुंट्याला गुंडाळतो; त्यात त्याचा हात सापडला, तर तिथल्या तिथे दोर कापायचा. “एका हाताने जमेल का, डेल?”
जमेल म्हटलं. नाही तर काय, विनेमक्का गावात पेट्रोल पंपावर बसू?

१५ फेब्रुवारी
जुना चाकू नखाने उघडावा लागतो. म्हणजे दोन हात हवेत. दातांनी उघडून पाहिला, ओठ फाटला.
थोरला भाऊ रॉइस बघत होता. गेल्या वर्षी माझा उजवा हात दोरात सापडून तुटला, तेव्हाही हा दहा पावलांवर उभा राहून बघतच होता. म्हणतो, चाकू उघडेना. खोटं! पातं उघडं होतं, मी पाहिलं. दोर बाबांचा — चार हिवाळे बसून त्यांनी विणलेला, साठ फुटी, चामड्याचा. असा दोर कापणं म्हणजे आमच्यात महापाप. हाताचं काय, ते दोन असतात!

२ मार्च
हॉलिसच्या दुकानातून बटणाचा चाकू आणला. पातं समोरून सटकन बाहेर येतं. घरी येईपर्यंत उघडमीट करत होतो.

५ मार्च
अडकला. तीन दिवसांची धूळ, बस्स.

९ मार्च
परत केला. हॉलिसचं म्हणणं, समोरून निघणाऱ्या पात्याला धूळ सोसत नाही. बाजूने उघडणारा घे, दणकट स्प्रिंगचा, हातमोज्यातूनही बोटाला लागेल एवढ्या मोठ्या बटणाचा. चार दाखवले. चारही चाकूंची क्लिप उजव्या खिशासाठी! जगाला उजवा हात असतो, हे मी विसरलोच होतो.
पाचव्याची क्लिप फिरवता येते. टोक बोथट, घोड्याला लागायचं नाही. तो घेतला.

२८ मार्च
धुळीत पुरला, चिखलात बुडवला, बर्फात ठेवला. मग हातमोजा चढवून दोनशे वेळा उघडला. एकदाही दगा दिला नाही. माणसांपेक्षा बरा.

६ मे
उद्या डागणी. रॉइस बाबांचाच दोर घेऊन येणार म्हणे. लाज नाही.

७ मे
रॉइसचा अंगठा गेला. त्याचा हात खुंट्याशी अडकला, वासरू दोर ओढत होतं. मी शेजारीच होतो. बटण दाबलं, पातं उघडलं. आणि थांबलो. मग कापला — उशिरा.
दवाखान्यात नेताना गाडीत तोच माझी समजूत घालत होता. “बाबांचा दोर आहे, डेल. कुणाचाही हात थांबेल. माझाही थांबला होता.”
वर्षभर हेच त्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला.
मी थांबलो, तेव्हा दोराचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.